सखुबाईचा आवाज

हट्टा गावच्या अंगणवाडीत सखुबाईंनी अठ्ठावीस वर्षं लेकरं शिकवली. त्यांची एक रीत होती. वाक्यातला शेवटचा शब्द त्या दोनदा म्हणायच्या. "हे काय हाय? कणीस, कणीस." पहिल्यांदा लेकरांनी तो ऐकायचा, दुसऱ्यांदा त्यांच्यासोबत म्हणायचा. होता होता ती रीत त्यांच्या जिभेलाच लागली. बाजारात भाव करतानाही त्या म्हणायच्या, "दहाला दे, दे."

त्यांचा धाकटा मुलगा वैजनाथ मुंबईला नाटकांतून लहानसहान कामं करायचा. यंदा त्याला टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात जागा मिळाली. पहिल्याच भागात तो लुगडं नेसून, डोळा बारीक करून, शेवटचा शब्द दोनदा म्हणत आला आणि घरोघरी माणसं हसून लोळली. ती बाई कोण, हे हट्ट्यात कुणाला सांगावं लागलं नाही.

आधी सखुबाईही हसल्या. मग एका सकाळी त्या गोष्ट सांगायला बसल्या आणि तोंड उघडताच सगळा वर्ग खिदळला. कुणाची तरी आई खिडकीतून मोबाईलवर टिपून घेत होती. सखुबाईंनी गोष्ट तिथंच सोडली. तेव्हापासून तीन महिने त्या तक्त्यावर नुसतं बोट ठेवत. गाणी, गोष्टी सगळं मदतनीस शीलाच्या गळ्यात पडलं. शीला बिचारी बंजारा तांड्यावरून चालत यायची, तिच्याकडं दोनच गाणी होती. लेकरं जांभया देऊ लागली. आपला आवाज गेला तर आपली अंगणवाडीही गेली, हे सखुबाईंना कळत होतं. पण तोंड उघडायला धजत नव्हत्या.

अशात गावानं वैजनाथचा सत्कार ठरवला. तो आदल्या दिवशी आला. जेवताना आई मुकाट भाकरी वाढत होती.

"माय, काहून बोलून न्हाई राहिली?" त्यानं विचारलं.

उत्तर वडिलांनी, उत्तमरावांनी दिलं आणि काही लपवलं नाही. मग त्यानंही आपलं सांगितलं. मुंबईत आता त्याला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. वॉचमनसुद्धा 'ए बाई' म्हणायचा. मध्यंतरी तो मुलगी पाहायला गेला होता. पोहे झाल्यावर मुलीच्या मामानं 'जरा बाई करून दाखवा' म्हटलं. यानं दाखवली, सगळे पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी फोनवर नकार आला. आता उद्या गाव डोक्याला फेटा बांधणार, एवढ्यासाठी तो आला होता. सखुबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारापुढं मांडव गच्च भरला. सरपंच विश्वंभर गुलाबी फेटा बांधून माईकपाशी उभा होता. त्याच्या हातातल्या ताटात हिरवी साडी, खण, नारळ आणि तांदूळ होते. तो म्हणाला, आज टीव्हीतल्या बाईंची ओटी भरायची आणि भरायला खऱ्या बाई बोलवायच्या. शिट्ट्या वाजल्या. दोघांनी वैजनाथच्या पँटवरून साडी गुंडाळली. सखुबाईंना वर आणून ताट हातात दिलं.

वैजनाथ हसत होता. लहानपणी अंगणवाडीत चड्डी ओली झाली की तो असाच हसायचा. हे त्या सगळ्या मांडवात एकट्या सखुबाईंना माहीत होतं.

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि माईक हातात घेतला.

"ओटी बाईची भरतेत, भरतेत."

मांडवात हशा फुटला. मोबाईल वर झाले. सखुबाई हलल्या नाहीत. वर्गात गोंधळ झाला की त्या जे करायच्या तेच त्यांनी केलं. हाताची घडी घातली, एका चेहऱ्याकडं बघत राहिल्या, तो गप्प झाला की दुसऱ्याकडं. मांडवातली निम्मी माणसं कधीकाळी त्यांच्या सतरंजीवर बसलेली होती. हसू विरळ होत होत थांबलं.

"ह्यो बाप्या हाय," त्या म्हणाल्या. "बाप्याला फेटा बांधतेत, बांधतेत. विश्वंभर, तुझा काढ, काढ."

विश्वंभर हसला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं. त्याच्यासोबत कुणीच हसेना, तेव्हा त्यानं मुकाट फेटा उतरवून बाईंच्या हातात दिला. उत्तमरावांनी पुढं होऊन साडी सोडवली. सखुबाईंनी लेकाच्या डोक्यावर फेटा ठेवला. तो मोठा झाला, कानावर घसरला, तेव्हा लोक पुन्हा हसले आणि या वेळी वैजनाथही मनापासून हसला. आणलेली ओटी वाया कशाला घालवायची म्हणून त्यांनी पुढं बसलेल्या शीलाला वर बोलावलं आणि तिची भरली.

घरी आल्यावर वैजनाथ म्हणाला, तू सांगशील तर ती बाई सोडतो. मग तिथं दुसरा कुणी येईल, आपण पुन्हा लहानसहान कामं करू. सखुबाईंनी शांतपणे पाणी पिऊन घेतलं.

"सोड असं म्हणून न्हाई राहिले मी," त्या म्हणाल्या. "पण तू माझं अर्धंच उचललंस रे. लोक हसतेत तेवढंच. लेकरं ऐकतेत ते काहून, हे तुला ठावंच न्हाई. सोमवारी येऊन बस, बस."

वैजनाथनं परतीचं तिकीट पुढं ढकललं. सोमवारी तो शेवटच्या रांगेत मांडी घालून बसला. सखुबाईंनी वसमतच्या एसटीत बिनतिकीट चढलेल्या शेळीची गोष्ट काढली. पहिल्या वाक्याला चारपाच लेकरं हसली. त्या थांबल्या, मग पुढं गेल्या. कंडक्टरनं शेळीकडं तिकीट मागितलं तोवर वर्गात चिडीचूप झालं होतं. शेळीनं काय उत्तर दिलं असेल, ते वैजनाथलाही सुचेना. त्यानं शेजारच्या चार वर्षांच्या कोमलच्या कानाशी वाकून विचारलं.

कोमलनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तोंडावर बोट ठेवून तिनं त्याला गप्प केलं. शेळी अजून वसमतला पोचायची होती.