काठावरचा हिरवा मोजा

मी वेताची टोपली आहे. धुऊन वाळलेल्या कपड्यांची. मळक्या कपड्यांसाठी या घरात निराळी बादली आहे आणि तिचं माझं कधी फारसं पटलं नाही. सध्या माझा मुक्काम गॅलरीच्या कोपऱ्यात असतो; कालपर्यंत शेजारी एक बिघडलेली इस्त्रीही होती. पोटात जुनी वर्तमानपत्रं, बुडाला भोक, एक कान तुटलेला. काठ मात्र अजून शाबूत आहे, आणि त्या काठावर एक हिरवा मोजा बसलाय. तो का बसलाय ते सांगायचं तर मला पार जन्मापासून सुरुवात करावी लागेल. म्हाताऱ्या माणसांसारखंच आमचंही असतं, मधूनच गोष्ट सांगता येत नाही.

बाजारामागच्या गल्लीत एक वेतकाम करणारे आजोबा बसायचे. त्यांनी मला दोन गुडघ्यांत धरून विणलं. वेत पाण्यात भिजवायचा, नरम पडला की वाकवायचा आणि वाकवताना त्याच्याशी बोलत राहायचं अशी त्यांची पद्धत होती. एक बाई मला हातात घेऊन बुडाकडे निरखून बघायला लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "बूड काय बघता बाई? काठ बघा. टोपलीचा जीव काठात असतो."

बाईंनी काठ ओढून पाहिला. पोटुशी होत्या त्या, वाकताना एक हात कमरेवर होता. आजोबांनी विचारलं, "दोघांच्या कपड्यांना एवढी मोठी कशाला?"

"कपडे वाढणार आहेत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. अशी मी या घरात आले.

बाई परिचारिका होत्या आणि त्यांचे यजमान बस चालवायचे. थोड्याच दिवसांत मुलगी झाली. जन्मली तेव्हा इतकी गोल गरगरीत होती की बाबांनी तिचं नाव गोटी पाडलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, मला कधी कळलं नाही. आणि गोटी आल्यावर बाईही माझ्यासाठी आईच झाल्या.

तो काळ आठवला की अजून माझ्या काड्या कुरकुरतात. बाबांची पाळी पहाटेची, त्यामुळे दुपारी घरी तेच. दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायचं काम त्यांच्याकडे. आता तुम्हीच सांगा, रांगत्या पोरीला शेजारी बसवून घड्या घालणं म्हणजे काय खायचं काम आहे? ते एक घडी घालायचे, ती दोन मोडायची. शेवटी बाबांनी शहाणपणा केला. तिला लांब बसवण्याऐवजी कामातच ओढलं.

"हा सदरा कुणाचा?" "बाबाचा." "मोठा का लहान?" "मोऽऽठा." रुमालाची घडी घातली की त्रिकोण व्हायचा आणि तो डोक्यावर ठेवला की टोपी. ओलसर राहिलेलं फडकं गालाला लावून "ओलं का कोरडं?" हे चालायचं. चिमटे रंगांप्रमाणे माझ्या कडेला लावायचे, म्हणजे मी नटून बसल्यासारखी दिसायचे. सगळं आवरलं की गोटी माझ्यात बसायची आणि मी बस व्हायचे. बाबांनी ढकलायचं, तिने ओरडायचं, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे का?" बाबांच्याच बसमधलं सगळं ऐकून आलेलं असायचं.

शेजारच्या काकूंना हे बघवत नसे. दारात उभं राहून म्हणायच्या, "अहो, पोरीच्या हातात पाटी द्या. मोजे काय खेळता घेऊन? उद्या शाळेत मोज्यांची परीक्षा असणारे का?"

"असली तर पहिली येईल," बाबा म्हणायचे.

मोज्यांचा खेळ हा त्यांचा खास. बाबा एक मोजा हातात चढवायचे, बोटांनी त्याचं तोंड हलवायचे आणि बारीक आवाजात रडायचे, "माझा भाऊ हरवला हो, कुणी पाहिला का?" मग गोटी सगळा ढीग उपसून भाऊ शोधायची. रंग बघायची, लांबी ताडून बघायची, भोकात बोट घालून बघायची. जोडी जमली की दोघांना एकमेकांत गुंडाळून निजवायचं. शेवटी एखादा उरायचाच. त्याला माझ्या काठावर बसवायचं आणि सांगायचं, "तू बस इथे. भाऊ येतोच."

आणि यायचाही. कधी उशीच्या अभ्र्यातून, कधी बाबांच्या पँटच्या पायातून, कधी पलंगाखालून, धुळीने माखून. गोटीचा त्यावर एवढा विश्वास बसला की पुढे शोधायचीही नाही. काठावर बसवलं की तिचं काम झालं.

एकदा मात्र एक निळा मोजा दोरीवरून उडाला तो गेलाच. बाबांनी गच्ची पाहिली, गटार पाहिलं, काकूंची झाडंसुद्धा पाहिली. नियम मोडला तर पोरीला काय तोंड दाखवायचं? मग माणूस चार दुकानं फिरून तसाच मोजा घेऊन आला आणि गुपचूप माझ्या पोटात टाकला. गोटीने तो उचलला, काठावरच्या निळ्याशेजारी धरला आणि मान हलवली. "हा भाऊ नाहीये. हा मावसभाऊ आहे."

बाबा इतके हसले की मीही हलले. त्या घरात त्यानंतर कुठल्याही विजोड जोडीला मावसभाऊ म्हणायला लागले.

मग ते दिवस आले. आईला लांबच्या शहरात मोठ्या रुग्णालयात शिकायला जायचं होतं. परत आली की बढती मिळणार होती, म्हणून दोघांनी मनावर दगड ठेवून ठरवलं. निघायच्या दिवशी घरात पिशव्यांचा पसारा होता. मी कोपऱ्यात होते आणि सगळं बघत होते. आई अंघोळीला गेलेली असताना गोटी माझ्याजवळ आली. आईच्या हिरव्या लोकरी मोज्यांची जोडी तिने उलगडली. त्या मोज्यांचे अंगठे फाटलेले आणि आईनेच रफू केलेले. हिरवा दोरा संपला म्हणून पिवळ्याने. एक मोजा गोटीने आईच्या पिशवीत अगदी खाली, हात कोपरापर्यंत घालून कोंबला. दुसरा माझ्या काठावर बसवला.

आई गेली. संध्याकाळी बाबांना काठावरचा मोजा दिसला. त्यांनी जोडीदार शोधला, सापडला नाही. पिशवी भरताना गडबड झाली असेल असं पुटपुटत ते मोजा कपाटात ठेवायला निघाले.

"त्याला उठवू नको," गोटी म्हणाली.

"अगं, पण याचा भाऊ आईबरोबर गेला वाटतं."

"मीच पाठवलाय. आता भावाला इकडे यायचं ना? मग आईला त्याला घेऊन यावंच लागेल."

आधीच घडी घातलेला सदरा बाबांनी पुन्हा झटकला, पुन्हा घडी घातली. माझ्याकडे पाठ करून ते बराच वेळ तेच करत होते. खेळताना सहज बोलून गेलेला शब्द पोरीने खरा धरला होता, आणि तो खरा करणं त्यांच्या हातात नव्हतं.

दोनेक दिवसांनी आईचा फोन आला. मला बाबांचंच बोलणं ऐकू येत होतं. "एकच मोजा? नाही गं, मी नाही भरला... हो, दुसरा इथेच आहे... तिने ठेवलाय." मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना मधेच दोनदा म्हणाले, "ऐकतेस ना?"

तेव्हापासून माझा जीवही त्या मोज्यापाशी टांगणीला लागला. धुण्याच्या दिवशी तो धुतला जायचा, वाळला की आधी काठावर. खेळ रोजच्यासारखाच चालू होता, पण बाबा आता "भाऊ येतोच" म्हणताना अडखळायचे. आईचं येणं एकदा पुढे गेलं, मग आणखी पुढे. काकू म्हणाल्या, "तो मोजा काढून टाका हो. पोर उगाच आशेवर बसलीय." बाबांनी काकूंना चहा दिला आणि मोजा होता तिथे ठेवला. त्या दिवसापासून मला ते माणूस फार आवडायला लागलं.

मला वाईट वाटलं ते गोटीने विचारणं बंद केलं तेव्हा. आधी रोज विचारायची, आई कधी येणार. मग नुसती माझ्याजवळ येऊन मोज्याचा अंगठा चाचपायची, पिवळा दोरा आहे ना बघायची आणि खेळायला निघून जायची. मला हात असते तर पोरीला जवळ घेतलं असतं. टोपलीला नुसता काठ असतो.

आणि मग एका दुपारी बाबा घड्या घालत असताना दार वाजलं. आई आली होती. गोटी धावली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, एक पाय दुसऱ्या पायावर. इतक्या दिवसांनी मुलं अशीच लाजतात. आईनेही तिला ओढून घेतलं नाही. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली, पिशवीतून मोजा काढला, हातात चढवला आणि बारीक आवाजात म्हणाली, "माझा भाऊ हरवला हो, कुणी पाहिला का?"

गोटी हळूहळू जवळ आली. काठावरचा मोजा धुऊन धुऊन विटला होता, आईजवळचा नव्यासारखा गडद होता. एकटा मोजा आईने घातलाच नव्हता. गोटी दोघांना शेजारी धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"हा मावसभाऊ असेल," ती म्हणाली.

"अंगठा बघ," आई म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज परत आला होता.

गोटीने अंगठा बघितला. पिवळा दोरा. मग ती आईच्या मांडीत जी शिरली ती संध्याकाळपर्यंत निघाली नाही. बाबांनी त्या दिवशी उरलेल्या घड्या कशातरी घातल्या.

मुलं मोठी होतात ही तक्रार करायची गोष्ट नाही, पण मला करावीशी वाटते. गोटी शाळेत गेली. मोज्यांची परीक्षा नव्हती, तरी तिचं बरं चाललं होतं. घरात धुण्याचं यंत्र आलं, त्याच्यासोबत प्लॅस्टिकची जाळीदार टोपली आली. गोटी आपले कपडे आपणच घडी करून कपाटात ठेवायला लागली, दार लावून. एकदा बाबांनी गमतीने हातात मोजा चढवला तर म्हणाली, "बाबा, प्लीज." त्यांनी तो काढून ठेवला. मला गॅलरीत हलवलं. तिथून घरातली बोलणी ऐकू येतात, पण कपड्यांचा ऊबदार वास येत नाही. ज्या वासात मी आयुष्य काढलं त्याची मला अजून आठवण येते.

गेल्या महिन्यात गोटीही गेली. लांबच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या दिवशी तीच धांदल, तशाच पिशव्या. "आई, मी लहान आहे का? माझं मी भरते," असं ती दोनदा म्हणाली. ती अंघोळीला गेली आणि आई गॅलरीत आली. तिच्या हातात ती हिरवी जोडी होती. इतकी वर्षं तिने ती कुठे जपून ठेवली होती देव जाणे. एक मोजा घेऊन ती आत गेली. दुसरा तिने माझ्या काठावर बसवला आणि त्याच्यावरून हात फिरवला.

मग वाट बघणं सुरू झालं. गोटीचे फोन यायचे, घाईचे. जेवण, ऑफिस, घरभाडं. मोज्याबद्दल अक्षर नाही. आई फोन ठेवून गॅलरीत यायची, झाडांना पाणी घालायची, माझ्याकडे बघायची. एके दिवशी बाबा भंगारवाल्याला द्यायच्या वस्तू काढत होते. इस्त्री बाजूला काढली आणि मग मलाही कानाला धरून उचललं. मोजा दिसला तसे थांबले.

"हा तू ठेवलास?"

"हो."

"आणि दुसरा?"

"तिच्या पिशवीत. अगदी खाली."

बाबांनी मला खाली ठेवलं. "अगं, मोठी झाली ती. तिने तो बघितलासुद्धा नसेल. बघितला असला तरी आठवणारे का तिला? एवढीशी होती."

"नसेल आठवत," आई म्हणाली आणि आत गेली. मला भंगारवाल्याची भीती वाटत नव्हती. माझं वय झालंय. मला एवढंच वाटत होतं की त्या सगळ्या दुपारी खरोखर झाल्या होत्या हे माझ्याशिवाय, या दोघांशिवाय त्या पोरीलाही माहीत असावं.

काल सुट्टीचा दिवस होता. सकाळी फोन वाजला. आई बोलत बोलत गॅलरीत आली. "बरी आहेस ना?... पिशवी रिकामी केलीस का एकदाची?... काय सापडलं?" नुसती ऐकत राहिली. रिकाम्या हाताने ती काठावरच्या मोज्याचा अंगठा चाचपत होती.

बाबा दारात येऊन उभे राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, भाऊच आहे, अंगठा बघितला," आई म्हणाली. "आणि म्हणाली, काठावरच्याला उठवू नका. मी त्याच्या भावाला घेऊन येतेय."

बाबांनी इस्त्री भंगारवाल्याला दिली. मला नाही दिलं.

कधी येणार ते तिने सांगितलेलं नाही. येणं पुढेही जाईल, मला माहीत आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी टोपली असेल तर टाकण्याआधी तिचा काठ एकदा बघा, आणि घरात लहान मूल असेल तर आज घड्या घालताना त्याला जवळ बसवा. माझं बूड गेलंय, कान गेलाय. काठ मी घट्ट धरून ठेवलाय. भाऊ येतोच.