झोप कशी लागते?

गिऱ्हाईक फ्लॅट बघायला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "झोप कशी लागते?"

विक्रीच्या टेबलावर बसवलेल्या पोरींना वाटायचं, साहेब किती मायाळू. मायाळू कसला! टाचणी पडली तरी ज्याला जाग येते, त्याला मी रेसट्रॅककडच्या बाल्कनीचा फ्लॅट स्वस्तात द्यायचो. दाखवायचा मात्र ट्रॅक बंद असेल त्याच दिवशी. ढाराढूर झोपणाऱ्यांना मागची इमारत.

ट्रॅक माझ्या चुलत भावाचा, दादाचा. तरुणपणी मी त्याच्या टीमसाठी गाडी चालवायचो. एका शर्यतीत वळणावर गाडी घसरली. त्यानं सगळ्या मेकॅनिकांसमोर माझ्या डोक्यावरचं हेल्मेट उतरवून घेतलं आणि म्हणाला, "हे तुझं काम नाही. जा, विटा रच." सगळे फिदीफिदी हसले.

मग रचल्या विटा. आधी एक दुमजली घर, मग इमारती, मग अख्खी वसाहत. लोक म्हणत, गड्यानं नशीब काढलं. नशीब नव्हे, डूख धरला होता मी. ट्रॅकशेजारची जमीन तुकड्यातुकड्यानं घेत दादाला तिन्ही बाजूंनी घेरला. बायको म्हणायची, "अहो, किती दिवस तेच उगाळत बसणार?" तिला काय कळणार? हेल्मेट तिचं काढलं नव्हतं.

लोक राहायला आले आणि आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. सगळ्यांत पुढे निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. मी मागून काड्या घालत होतोच. शेवटी कोर्टाचा निकाल लागला: या रविवारपासून ट्रॅकवर इंजिन सुरू करायचं नाही. त्या दिवशी मी ऑफिसात दार लावून एकटाच नाचलो.

शुक्रवारी दादा आला. मी त्याला बस म्हटलं नाही.

"ट्रॅक गेला, मान्य," तो म्हणाला. "एवढा एक रविवार सोड. तुझ्या लोकांना सांग. तक्रार करणारे हो म्हणाले तर कोर्ट एवढी शर्यत होऊ देणार आहे."

"का? कोण एवढं धावणार आहे?"

"तुझी लेक."

मी हसलो. तो हसला नाही.

"कॉलेजात गेल्यापासून माझ्याकडे शिकतेय. पहिली शर्यत जिंकून मग तुला सांगणार होती. तुझंच जुनं हेल्मेट घालून सराव करते. नवं घे म्हटलं, तर म्हणते, बाबांचं आहे."

मी उठलो आणि दारोदार फिरलो. आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते, ते त्या दिवशी जोडले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आमची झोप कशी आहे, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच तर विचारलं होतं." दार लागलं. पुढचंही लागलं. ट्रॅककडची सगळी माणसं मीच निवडून आणलेली. एक घोरणारा सापडेना.

रविवारी ट्रॅक चिडीचूप होता. मी बाल्कनीत बसून राहिलो. लेक खांद्याला बॅग लावून आली आणि हेल्मेट माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"मी दुसऱ्या शहरात चाललेय. तिथल्या टीमनं घेतलंय."

"अगं, मी सगळ्यांच्या पाया पडलो..."

"काकांनी सांगितलं." तिनं वाकून खालची वसाहत एकदा नीट पाहिली. "विटा छान रचल्यात, बाबा."

खाली तिनं गाडी सुरू केली आणि कुणाचीही झोप मोडणार नाही इतक्या हळू फाटकाबाहेर नेली.