जिवंतांचा बाजा

क्लोव्हिस दुप्लेसीला संशय घ्यायला फारसं कारण लागत नसे. पोस्टमन उशिरा आला तरी त्याच्या मनात पाल चुकचुकायची. त्यात गेल्या उन्हाळ्यात त्याने कवळी बसवली. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा अर्धा जीव दातांत असतो. नव्या कवळीने वरचा सूर मधूनच चिरकायचा, आणि ट्रेमे वस्तीच्या गल्लीत कुणी हसलं की आपल्यालाच हसतंय असं त्याला वाटायचं.

एका माणसावर मात्र त्याने कधी संशय घेतला नव्हता. हर्मन ट्रेपेनी, ट्रॉम्बोनवाला. लग्न असो, मयत असो, एक्कावन्न वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून रस्त्याने वाजवत चालले होते.

शनिवारी सकाळी पर्सीच्या सलूनमध्ये सगळे वाजवणारे जमत आणि स्वप्नातला बाजा जुळवत. नियम एकच, माणसं जिवंत हवीत. "मेलेल्यांतून बाजा कुणीही जमवेल," पर्सी वस्तरा परजत म्हणायचा, "त्यात अक्कल काय लागते? आज श्वास घेतायत त्यांच्यातून निवडा!" त्यावरून भांडणं व्हायची, एकदा तर पावडरचा डबा भिरकावला गेला होता. हर्मनची सुरुवात मात्र ठरलेली असे. "ट्रॉम्बोन मी, क्लॅरिनेट क्लोव्हिस. आता बाकीच्यांचं बोला."

त्या सोमवारी क्लोव्हिस हर्मनकडे राजमा-भात खायला गेला होता. हर्मन आत भांडं ढवळत होता. क्लॅरिनेटचा सांधा घट्ट बसला होता म्हणून क्लोव्हिसने सांध्याला लावायच्या मलमासाठी हर्मनची ट्रॉम्बोनची पेटी उघडली, तर मलमाखाली घडी केलेला कागद. वर लिहिलं होतं, ‘चर्च, सकाळी दहा. आधी संथ भजन, मग जोरात.’ खाली माणसांची नावं. बाजावाला कुठलीही यादी वाचतो तेव्हा आधी आपली खुर्ची शोधतो. क्लोव्हिसनेही तेच केलं. ‘क्लॅरिनेट: रेमंड जोलिव्हेट.’

पुढचं त्याने वाचलंच नाही. कागद खिशात घातला, राजमा अर्धा टाकला आणि डोकं दुखतंय म्हणून घरी आला.

रेमंड! पंचेचाळिशीचा, सगळे दात स्वतःचे, आणि वाजवताना डोळे मिटून मान हलवणारा. म्हणजे चर्चचं वाजवणं ठरलंय आणि आपल्याला कळूही दिलं नाही. मग क्लोव्हिसला एकेक गोष्ट आठवू लागली. गेले दोन रविवार हर्मन वाजवायला आला नव्हता, म्हणे ट्रॉम्बोनची नळी अडकते. नळी कसली अडकते! रेमंडबरोबर सराव चालला असणार. परवा फोनवर मध्येच खोकायला लागला आणि ठेवून दिला. शेजारी कुणी बसलं असेल, दुसरं काय?

"हर्मनची बायको तुला काही बोलली?" त्याने बुधवारी आपल्या बायकोला विचारलं.

अर्नेस्टीन भेंडी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "काय बोलायचंय?"

"बघ! तुलाही माहितीय."

"मला एवढंच माहितीय की तुझं डोकं फिरलंय. जा, विचार ना त्याला सरळ."

पण क्लोव्हिस गेला नाही. विचारलं आणि हर्मनने तोंडावर सांगितलं, गड्या, तू आता संपलास, तर? ती भीती खरी होती. क्लॅरिनेट गेली की आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शनिवारी तो पर्सीकडे गेला तो भांडायच्या तयारीनेच. रेमंड खुर्चीत होता, गालभर फेस. क्लोव्हिसने कागद त्याच्या मांडीवर आपटला.

"माझी खुर्ची पळवलीस ते पळवलीस, निदान सांगायचं तरी!"

रेमंड गांगरला. "कसली खुर्ची, क्लोव्हिसकाका? मला कुणी विचारलेलंही नाही." मग त्याने टॉवेलने हात पुसले आणि कागद सावकाश वाचला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"काका, तुम्ही फक्त क्लॅरिनेट बघितलीत. ट्रॉम्बोनवर कोण आहे?"

क्लोव्हिसने कागद ओढून घेतला. ट्रॉम्बोनपुढे बॅटन रूज शहरातल्या एका बाईचं नाव होतं. कागदभर शोधलं तरी हर्मन कुठेच नव्हता. अक्षर त्याचंच होतं, बाजाही त्याचाच, आणि त्यात तोच नव्हता. आधी संथ भजन, मग जोरात: मयतीलाच असं वाजवतात. पर्सीचा वस्तरा हवेतच थांबला होता. जिवंत माणसंच घ्यायची, हा नियम त्या सलूनमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

क्लोव्हिस क्लॅरिनेटची पेटी काखेत मारून धापा टाकत हर्मनच्या घरी पोचला. हर्मन व्हरांड्यात पायावर गोधडी घेऊन बसला होता. आठवडाभरात तो किती वाळलाय हे क्लोव्हिसला आत्ता दिसलं. संशयात बुडालेल्या माणसाला हे कुठून दिसणार?

"चोर कुठला," हर्मन त्याच्या हातातला कागद बघून म्हणाला. "सोमवारपासून शोधतोय."

"किती दिवस?"

"फुप्फुसात आहे. मार्डी ग्राचा सण बघशील म्हणाले डॉक्टर. पुढचं काही बोलले नाहीत."

क्लोव्हिस पायरीवर बसला. त्याला रडू येत होतं, आणि रागही.

"आणि मला वगळलंस. कवळीमुळे ना?"

"कसली कवळी, गाढवा! चिरकला असतास तर शवपेटीत पडल्या पडल्या हसलो असतो." हर्मनला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "बाजा मयताच्या गाडीच्या पुढे चालतो, क्लोव्हिस. घरचे मागे चालतात. मला भाऊ नाही. मागे बायकोबरोबर कोण चालेल?"

आठवडाभर या माणसाला मनात शिव्या घातल्याची क्लोव्हिसला इतकी लाज वाटली की त्याला मान वर करवेना. खाली बघतच तो म्हणाला, "मी चालेन."

मग त्याने हर्मनच्या खिशातली पेन्सिल उपसली. कागद गुडघ्यावर ठेवून बॅटन रूजची बाई खोडली, रेमंड खोडला आणि दोन्हीकडे जुनी नावं लिहिली.

"हे काय चालवलंयस? ठरलंय ते!"

"नियम काय आहे? जिवंत माणसं. तू मेलायस का?" क्लोव्हिस आत जाऊन ट्रॉम्बोन घेऊन आला आणि हर्मनच्या मांडीवर ठेवला. "आज शनिवार आहे. जमेल तेवढं फुंक. चिरकायचं काम माझ्याकडे."