कानातलं मशीन खिशात

दर गुरुवारी दुपारी चार वाजता बाबा आरशासमोर उभे राहायचे आणि पाच वाजून दहा मिनिटांनी आरसा सोडायचे. सत्तर मिनिटं! एवढ्या वेळात माणूस घराची एक भिंत रंगवून मोकळा होतो. बाबा स्वतःला रंगवायचे. आधी डोकं, मग मिशी, मग भुवया, कारण काळ्याभोर मिशीवर पांढऱ्या भुवया असल्या की चोरी लगेच पकडली जाते. मग पोटावर रुंद पट्टा. तो आणला होता पाठदुखीसाठी, पण आता शर्ट सपाट बसावा म्हणून त्याला कामाला जुंपलं होतं. मग सेंट. तो इतका, की बाबा लिफ्टमधून उतरून गेल्यावरही शेजाऱ्यांना कळायचं, आज गुरुवार. आणि सगळ्यात शेवटी, दाराशी बूट घालताना, ते दोन्ही कानांतली मशीनं काढायचे आणि विजारीच्या खिशात टाकायचे.

मुलीचं टाळकं सटकायचं ते इथे. ती मशीनं तिने बसवली होती. सतरा वर्षं ती हेच काम करत होती. लोकांचे कान तपासायचे, कानाचा साचा घ्यायचा, मशीन लावून आवाज जुळवून द्यायचा. आसपासच्या गल्ल्यांत तिला सगळे कानवालीच म्हणायचे. आणि कानवालीचा सख्खा बाप चालला होता ठार बहिरा होऊन बाईला भेटायला.

"बाबा, मशीन!"

"काय?"

"कानात घाला ते!"

"ओरडू नकोस. तिचं बोलणं मला व्यवस्थित कळतं."

कळतं कसलं, डोंबल. मशीनशिवाय बाबांना दार आपटलेलं तेवढं कळायचं. पण साठीपुढच्यांच्या कुठल्याशा ॲपवर त्यांना ही बाई भेटली होती. तिथे त्यांनी दहा वर्षांपूर्वीचा फोटो लावला होता आणि छंद म्हणून 'गिर्यारोहण' लिहिलं होतं. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या खात्यात टेबलावर डोंगर काढले, त्यालाच गिर्यारोहण म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी. चार महिने झाले, दर गुरुवारी हा म्हातारचळ चालू होता.

कानवालीला या सगळ्याची किळस यायची, आणि ती काही बापापुरती नव्हती. दवाखान्यात दिवसभर हेच बघत होती ती. तिशीतला एक धडधाकट गडी मशीन झाकायला केस कानावर ओढून घ्यायचा आणि वारा सुटला की दोन्ही हात कानांवर दाबून चालायचा, म्हणजे न बघणाराही वळून बघेल. एक बाई विचारून गेली होती, हे झुमक्यात लपेल का हो? रिसेप्शनवरची पोरगी जेवणाच्या सुट्टीत जेवण सोडून स्वतःचे चाळीस फोटो काढायची, त्यातला एक ठेवायची आणि तोही पसंत नाही म्हणून दिवसभर फुगून बसायची. कोणासाठी? तर समोर तसलंच कोणीतरी पोट आत ओढून बसलंय, त्याच्यासाठी. दोन खोटारडी माणसं एकमेकांना फसवायला नटतात आणि त्याला प्रेम म्हणतात. कानवालीचं मत असं होतं आणि ते ती कोणालाही ऐकवायची.

बाबांच्या बाबतीत मात्र मत कमी आणि राग जास्त होता. आई होती तेव्हा हाच माणूस जेवायला बनियनवर बसायचा. तिच्यासाठी कधी एक शर्ट इस्त्री केला नाही. शेवटचं दीड वर्ष आई अंथरुणाला खिळली होती, आवाज अगदी खोल गेला होता. बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून कानवालीने दहा दुकानं पालथी घालून जाड आवाजाची एक घंटी आणून आईच्या हाताशी ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, कानवाली कामावर असताना, बाबांचा फोन आला. झोपेतच गेली, म्हणाले. एवढंच. त्यानंतर आईचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आता या गुरुवारच्या थेरांना मात्र उत्साह उतू जात होता.

त्या गुरुवारी बाबा घरी आले ते मिशीत हसतच. मशीनं कानात घातली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "या महिनाअखेरीला आम्ही लग्नाची नोंदणी करतोय."

कानवालीच्या हातातली बशी हातातच राहिली. "शुद्धीवर आहात का?"

"पूर्ण. तिला मी सगळं सांगितलंय. सगळं म्हणजे सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा हात धरला. इतकं समजून घेणारं माणूस मला आयुष्यात भेटलं नाही."

"आणि ती काय बोलली, ते तुम्हाला ऐकू आलं?"

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. "शब्दच कळायला हवेत असं काही नसतं."

म्हणजे नाही. कानवालीने मनाशी ठरवून टाकलं, हे लग्न मोडायचं. आईच्या जागी हे नाटक येऊन बसलेलं ती बघणार नव्हती.

आणि बघा, संधी स्वतःच्या पायांनी चालत आली. पुढच्या मंगळवारी दवाखान्यात एक बाई आल्या. डोळ्यांवर भला मोठा काळा गॉगल, तोही चार भिंतींच्या आत. नंबरच्या चष्म्यात म्हातारं दिसतं म्हणून गॉगल, हे कानवालीने त्या दाराच्या चौकटीला धडकल्या तेव्हाच ओळखलं. टाचा उंच, गालांवर लाली, आणि दात इतके सरळ की देवाने दिलेले असणं शक्यच नव्हतं.

"मला अगदी किंचित कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "असं मशीन द्या, जे कोणालाही दिसणार नाही."

कानवालीने त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं. काचेचं दार लावून ती बाहेर आपल्या टेबलाशी बसली. आवाज आला की बटण दाबायचं, इतकी साधी ही तपासणी. गॉगलबाईंनी काय करावं? कानवालीची बोटं हलली की त्या बटण दाबायच्या! परीक्षेला बसलेल्या पोरासारखी कॉपी! कानवालीने नुसतीच बोटं हलवली, आवाज सोडलाच नाही, तरी बाईंनी ऐटीत बटण दाबलं. मग तिने मधे पुठ्ठा धरला आणि खरा निकाल बाहेर आला. बाई जवळजवळ बाबांइतक्याच बहिऱ्या होत्या.

"असं किती वर्षं चाललंय?" कानवालीने मोठ्याने विचारलं.

"झाली पाच-सहा." बाई ओशाळल्या. "पण आता लग्न करतेय. म्हटलं, घरात एकत्र राहायचं तर थोडं तरी कळायला हवं. ते फार हळू बोलतात हो. मी आपली मान डोलावते. पण स्वभाव किती गोड! मी बोलते तेव्हा एकदाही मधे तोंड घालत नाहीत." त्यांनी पर्समधून फोन काढला आणि फोटो दाखवला.

फोटोत बाबा होते. बागेत झाडाला टेकून, पोट आत, भुवया काळ्या.

कानवालीला हसू असं फुटत होतं की तिने कागद शोधायचं निमित्त करून टेबलाखाली डोकं घातलं. चार महिने! दोन ठार बहिरी माणसं समोरासमोर बसून एकमेकांना माना डोलावतायत, आणि दोघांनाही वाटतंय की मला समजून घेणारं माणूस भेटलं! यापेक्षा दोन बाहुल्या आणून ठेवल्या असत्या तरी चाललं असतं.

"एकदा तर काय झालं," बाई आता मोकळ्या झाल्या होत्या, "बागेत बाकावर ते खूप वेळ बोलले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला एक अक्षर कळलं नाही. म्हटलं, गुडघ्याचं काहीतरी असेल, थंडी होती ना. मी आपला हात धरून बसले."

गुडघ्याचं! कानवालीला हे वाक्य बाबांच्या तोंडावर फेकायची इतकी घाई झाली की तिने गुरुवारचीच वेळ दिली. "मशीन लावताना जवळचं माणूस सोबत लागतं," ती म्हणाली. "ओळखीच्या आवाजावर जुळवलं की सवय लवकर होते." यात खोटं काहीच नव्हतं, ती सगळ्यांना हेच सांगायची.

बाई घाबरल्या. "त्यांना कळेल मग!"

"लग्नानंतर लपवणार कुठे? उशीखाली?"

घरी तिने बाबांनाही सांगितलं. तुमच्या बाई माझ्याकडे येतायत, मशीनं घालून या, नाहीतर मी त्यांना तुमच्या बहिरेपणाचा आलेखच दाखवते. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. बुधवारभर ते जेवले नाहीत. कानवाली मात्र पोटभर जेवली.

गुरुवारी तिने बाईंना मशीनं लावली आणि बाबांना आत बोलावलं. बाबा कानांवर हात ठेवूनच आले.

"ही माझी मुलगी," ते पुटपुटले आणि हात खाली घेतले.

बाईंनी गॉगल काढला, पर्समधून जाड काचांचा चष्मा काढून नाकावर ठेवला आणि बाबांचे कान नीट बघितले. मग त्या कानवालीकडे वळल्या. "म्हणजे मंगळवारी तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"हो," कानवाली म्हणाली. तिला जराही वाईट वाटलं नाही. "आता आत बसा आणि दहा मिनिटं बोला. आवाज कमीजास्त वाटला तर सांगा."

तिने दार लावलं. त्या खोलीतला माइक तपासणीपुरता असतो, पेशंट बोलला तर बाहेर ऐकू यावं म्हणून. दोन माणसं आपसांत बोलत असताना तो बंद ठेवायचा, हा तिचाच नियम. आज तिने माइक चालू ठेवला आणि हेडफोन कानांवर चढवला. चार महिन्यांची फजिती तिला फुकटात ऐकायची होती.

"तुमचा आवाज एवढा खरखरीत आहे?" बाई म्हणत होत्या.

"आणि तुमचा बारीक. मला मऊ वाटायचा."

"मी अडुसष्ट वर्षांची आहे, हे सांगितलं होतं मी. आणि दात खोटे आहेत तेही. तुम्ही हसून मान डोलावलीत. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे!"

"मला काही ऐकू आलं नव्हतं."

दोघं हसली. कानवालीही हसली. आता भांडतील, तिला वाटलं. पण बाबांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"म्हणजे मी बाकावर सांगितलं, ते तुम्हालाही ऐकू आलं नसणार."

बाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला.

"मग परत सांगायला हवं. नाहीतर मी तुम्हाला फसवून लग्न केलं असं होईल." बाबा काचेकडे पाठ करून बसले. "माझी बायको दिवसभर घंटी वाजवून हाका मारायची. दुखायचं तिला. मला सहन व्हायचं नाही. मग दुपारी तासभर मी मशीनं काढून ड्रॉवरमध्ये ठेवायला लागलो. एक तास, म्हटलं, शांत. त्या दिवशी डोळा लागला आणि दोन तास गेले. उठलो तर घंटी पलंगाखाली पडली होती. पाण्याचा पेला पण. पोरीने माझ्या कानांना ऐकू येईल अशी शोधून आणली होती ती घंटी. पोरीला मी सांगितलं, झोपेत गेली."

कानवालीने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. आई घंटी वाजवत होती. हा माणूस पलीकडच्या खोलीत झोपला होता, आणि तिने बसवलेली मशीनं ड्रॉवरमध्ये होती. तिला वाटलं, दार उघडावं आणि बापाला गदागदा हलवावं. मशीनं खिशात टाकताना दर गुरुवारी काय आठवत होतं रे तुला? की काही आठवू नये म्हणूनच टाकत होतास?

"हे ठाऊक आहे मला," हेडफोनमध्ये गॉगलबाईंचा आवाज आला.

"कसं?"

"बागेतच ऐकलं ना मी. बाकीचं नसेल कळलं, पण त्या दिवशी तुम्ही मोठ्याने बोलत होतात, मी अगदी जवळ बसले होते. तेवढं सगळं ऐकू आलं."

"आणि तरी हात सोडला नाहीत?"

"नाही सोडला."

काचेपलीकडे बाबांचे खांदे हलायला लागले. रंगवलेल्या मिशीवरून पाणी ओघळत असणार, पण ते पुसायला त्यांचा हात वर गेला नाही. बाईंनी त्यांच्या डोक्यावरून नजर उचलली आणि जाड काचांतून सरळ कानवालीकडे, तिच्या कानांवरच्या हेडफोनकडे पाहिलं. मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. नुसतं पाहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. दार उघडून म्हणायचं, बाबा, हिला तुमचा गुडघा दुखतोय असं वाटलं होतं. लग्न तिथेच मोडलं असतं. तिला तेच तर हवं होतं, त्यासाठीच दोघांना तिने इथे आणून बसवलं होतं.

तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि माइकचं बटण बंद केलं. तिला आई आठवत होती, आणि बापाचा राग तसाच्या तसा होता, तो कमी झाला नव्हता.

बाबा आधी बाहेर आले. डोळे लाल, मिशीचा रंग हनुवटीपर्यंत उतरलेला, पट्टा शर्टाखालून वर सरकलेला. त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या हेडफोनवर गेली.

"तू ऐकत नव्हतीस ना?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "माइक बंद होता."

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली.