पांढरी भुवई मी पाहिली होती

मी एक जुनी, मुठीत मावणारी दुर्बीण आहे. आणि मित्रांनो, एक पत्र तीन आठवडे माझ्या पाठीखाली पडून होतं. माझ्या मालकांनी ते वाचलं, माझी चामडी पेटी उघडली, माझ्याकडे एकदा पाहिलं, पत्राची घडी माझ्याखाली सरकवली आणि झाकण लावून टाकलं. उत्तर काही लिहिलं नाही. पत्रात काय होतं ते सांगतेच. पण आधी मी कोण ते ऐका. माझ्याविषयी लोक आजवर वाटेल ते बोलले आणि मी ऐकून घेतलं. आता नाही ऐकून घेणार.

माझ्या अंगावर ८ × २५ असं कोरलेलं आहे. आठ म्हणजे दूरची वस्तू मी आठपट जवळ आणते. पंचवीस म्हणजे माझ्या पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी माझ्या दोन्ही नळ्या एकाच रेषेत पाहतात की नाही हे तीनदा तपासलं. "तिरळी निघालीस तर लोकांची डोकी दुखवशील," असं त्या मला म्हणाल्या होत्या. मी तिरळी निघाले नाही.

दुकानात माझ्या शेजारी मोठाल्या दुर्बिणी मांडलेल्या होत्या, दहापटीच्या, वीसपटीच्या. मी कोपऱ्यात. एके दिवशी तिथे एक ग्रंथपाल आले. सडपातळ, चष्मेवाले, दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागणारे. त्यांची भाची त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणते.

दुकानदारानं वीसपटीची पुढे केली. मामा ती घेऊन दुकानाच्या दारात गेले आणि रस्त्यापलीकडच्या पाटीकडे पाहू लागले. पाटी मोठी दिसली, पण नाचायला लागली. जितकी पट जास्त, तितकी हाताची थरथरही जास्त दिसते, हे तेव्हा मामांना कळलं. मग त्यांनी मला उचललं. माझ्या डोळ्यांवरच्या रबरी वाट्या दुमडून चष्म्याला टेकवल्या, उजव्या डोळ्याचं कडं हळूहळू फिरवलं. पाटी स्थिर झाली. खालचा फोन नंबरसुद्धा वाचता आला.

"अहो, ते खेळणं आहे," दुकानदार म्हणाला.

"जी गळ्यात राहील ती घेतो," मामा पुटपुटले. "जड असली की ती घरीच राहते."

आयुष्यात इतकं ठाम मामा फार थोड्या वेळा बोलले असतील. मी ते विसरलेले नाही.

पुढची तीन वर्षं माझी वर्षं होती. दर रविवारी आम्ही तळ्यावर जायचो: मामा, मी आणि त्यांची नऊ वर्षांची भाची. तिची बडबड थांबत नसे, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. मामांचा एकच नियम होता, आधी पट्टा गळ्यात, मग दुर्बीण डोळ्याला. त्यामुळे मी एकदाही पडले नाही. आणि खोटं कशाला बोलू, अंधारून आलं की माझं काही चालत नसे. लहान भिंगातून उजेड कमीच येतो. पण भर दिवसा मी कोणाला हार जात नसे.

एकदा पक्षी पाहणाऱ्यांचा मोठा गट तिथे आला. पाण्यात पलीकडे एक बदक होतं. मामांनी माझ्यातून बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "त्याला पांढरी भुवई आहे. आपल्या तळ्यावर पहिल्यांदाच आलंय."

गटप्रमुखानं आपलं वीसपटीचं धूड हातातच धरून रोखलं. ते लटपटत होतं. "छे! साधं बदक आहे. पाण्याची चकाकी आहे ती. आणि काय हो, त्या खेळण्यातून भुवया दिसतात? मग पापण्याही मोजा की!"

सगळे खो खो हसले.

"असेल, असेल," मामा म्हणाले. "माझंच चुकलं असेल."

तेवढ्यात टिटवीनं मला डोळ्यांना लावलं आणि ओरडली, "मामा, आहे! पांढरी, पार मानेपर्यंत गेलीय!"

"गप गं. मोठ्यांच्यात बोलू नये."

मित्रांनो, टिटवी गप्प बसली. तिला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. पण भुवई होती! माझ्या दोन्ही नळ्यांनी ती पाहिली. माझी साक्ष घ्यावी असं मात्र कुणालाच वाटलं नाही.

त्या दिवसानंतर मामांनी मला पेटीत घातलं, पेटी पुस्तकांच्या कपाटात ठेवली, शेजारी डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि दार घट्ट लावलं. ग्रंथपालच ते! पुस्तकं जपतात तसं त्यांनी मला जपलं आणि तिथंच घात झाला. पुस्तकाला अंधार आणि बंद दार चालतं, काचेला हवा लागते, उजेड लागतो. चामडं ओल धरून ठेवतं. सोळा वर्षांत माझ्या डाव्या भिंगाच्या कडेला बुरशीचे धागे चढले.

आणि मग ते पत्र आलं. टिटवीनं लिहिलं होतं:

"मामा, फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून लिहितेय. इकडच्या मोठ्या तळ्यावरच्या पक्षीगणनेत माझी निवड झाली. एक तारखेपासून रोज दहा किलोमीटर चालायचंय. दुकानदार वीसपटीची गळ्यात मारतोय. तू सांगशील ती घेईन. तुझी ती छोटी अजून आहे का? आणि मामा, भुवई पांढरीच होती."

मामांनी पेटी उघडली, धागे पाहिले, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बहिणीचा, म्हणजे टिटवीच्या आईचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो आणि घरातल्या भांड्यांनाही सगळं कळतं.

"दादा, पोरगी शनिवारी ते धूड आणणार आहे. म्हणते, मामाला माझा राग आला असेल."

"तिचा? मला?"

"मग लिही की तसं! जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं रांगेत लावलीस, तुला चार ओळी लावता येत नाहीत?"

"माझं कोण ऐकतं गं."

"एकच जण ऐकते. आणि तिलाच तू उत्तर देत नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला घेऊन कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्यानं मला दिव्यासमोर धरलं.

"किती वर्षं कोंडलंत हिला?"

"सोळा. माझंच चुकलं असेल... टाकून द्यावी का?"

मी टाकून देण्याजोगी? मला बोलता आलं असतं तर तिथल्या तिथे भांडले असते. पण तो कारागीर माझ्या बाजूचा निघाला.

"टाकून? अहो, बुरशी कडेलाच आहे, काच खाल्लेली नाही. परवा या. आणि पुन्हा चामड्यात कोंडू नका. उघड्या फळीवर ठेवा, नाहीतर डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून. पुसताना आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ कापड. धुळीवर कापड फिरवलं की काचेवर घासकागद फिरवल्यासारखं होतं."

"मी बाहीनं पुसायचो."

"दिसतंय ते."

दोन दिवसांनी मामा त्याच्या दारात उभे राहिले आणि माझ्यातून समोरच्या गच्चीकडे पाहिलं. तिथे एक मांजर झोपलं होतं.

"मिशा दिसतायत," मामा म्हणाले. "प्रत्येक मिशी वेगळी."

"मग? दुर्बीण आहे ती."

त्या दुपारी मामांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: "टिटवी, वीसपटीची घेऊ नकोस, हात हलतो. जड घेऊ नकोस, घरी राहते. ही घे. पट्टा आधी गळ्यात. सूर्याकडे कधीही रोखू नकोस. भुवई पांढरीच होती. तुला गप्प केलं, ते माझं चुकलं."

जन्मभर 'माझंच चुकलं असेल' म्हणणाऱ्या माणसानं या वेळी 'असेल' लिहिलं नाही.

तर मित्रांनो, आकारावरून कुणाला खेळणं म्हणू नका. माझी धूळ फुंका, मला हवा द्या, उजेडात न्या. आणि तुम्ही स्वतः नीट पाहिलं असेल, तर हसणाऱ्यांच्या भीतीनं ते मागे घेऊ नका. मी मागे घेतलेलं नाही, घेणारही नाही.

आता मी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. सोबत ओल शोषणाऱ्या दोन पुड्या आहेत. टपाल कचेरीतल्या बाईंनी खोकं उचललं आणि म्हणाल्या, "अगदीच हलकं आहे हो."

"तेच तर!" मामा म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले.

खोक्यावर धाडकन शिक्का बसला. माझ्या पाठीखाली आजही एक पत्र आहे. पण ते शनिवारच्या आत पोचणार आहे.