कात्री बंद आहे

थापाडे हे काही मास्तरांचं खरं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं सलून चालवताना गिऱ्हाइकांनी बहाल केलेली ती पदवी. म्हणे एक गिऱ्हाईक खुर्चीत असं गाढ झोपलं, की जागं होईपर्यंत कापलेले केस परत वाढले आणि मास्तरांना पुन्हा कात्री उचलावी लागली!

खरं कुठलं नि थाप कुठली, हे एकट्या बायकोला कळायचं. थाप मारताना मास्तरांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप कात्रीसारखी चालत. हे गुपित तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. हातातलं हत्यार घालवायला ती काय खुळी होती?

आता मास्तरांना रक्ताचा कॅन्सर होता. नुसत्या केमोला तो दाद देईना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका चाचणीत घेतलं. केमोच्या जोडीला गांजाच्या झाडातून काढलेल्या, पण नशा न आणणाऱ्या अर्काचे थेंब. "याचा उपयोग होईलच असं नाही. तेच पाहायचंय," त्यांनी स्पष्ट सांगितलं. क्रमही ठरलेला : आधी सलाईनमधून केमो, मग थेंब.

"म्हणजे आधी साबण, मग वस्तरा," मास्तर म्हणाले. "कळलं."

रोज काय वाटतं ते वहीत लिहायचं होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती तिथंच. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई वही घेऊनच खोलीत आल्या.

"तिसरा दिवस. पंखा खाली उतरला, माझी विचारपूस करून वर गेला. चौथा दिवस. पलंगासकट बाजार फिरून आलो." त्यांनी चष्मा काढला. "मास्तर, हे भास असतील तर थेंब आजपासून बंद. चाचणीतूनही बाहेर."

बायको घाईनं पुढं झाली. या थेंबांपलीकडे आता दार उरलं नव्हतं.

"अहो डॉक्टर, यांचा पंखा लग्नाआधीपासून खाली उतरतोय!"

"असेल. पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

"तसं नव्हे हो," मास्तर ओशाळले. "ती नर्स बिचारी तोंड पाडून यायची. वही वाचून हसायला लागली. मग मलाही चेव चढला."

"अहो," बायको जवळ सरकली, "चाळीस वर्षांत मी काही मागितलं नाही. आज एकदा खरं बोला."

"मागच्याच महिन्यात मिक्सर मागितलास की."

"अहो!"

 मास्तर चादरीकडे बघत बोलू लागले. "तिसऱ्या दिवशी चारदा ओकलो. चौथ्या दिवशी एकदा. भास-बिस काही नाही. तोंडाला चव नाही. आणि भीती वाटते. हिला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पडतो."

बायकोनं चादरीवरच्या त्या दोन बोटांकडे पाहिलं. मेल्यासारखी पडली होती. तिला वाटलं, चालली असती तर बरं झालं असतं.

"खरं आहे, डॉक्टर," ती कशीबशी म्हणाली. "कात्री बंद आहे."

डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही. पण नर्सच्या तक्त्यात उलट्या तेवढ्याच निघाल्या, तपासणीतही भासाचं चिन्ह दिसलं नाही. सलाईन संपलं, ठरल्या वेळी नर्सनं थेंब दिले, आणि मास्तरांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"चव नाही म्हणालात ना?" नर्स म्हणाली.

"याची आहे. जुन्या बुटाची."

ती हसत गेली. खोलीत दोघंच उरली.

"कात्री म्हणजे काय गं?"

"काही नाही. आता भिंतीकडे तोंड करायचं नाही. माझ्याकडे करायचं."

मास्तर वळले. टकलावरून तिचा हात फिरत राहिला.

"तू बघच," ते म्हणाले, "मी यातून ठणठणीत बरा होणार."

तिनं चटकन त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. बोटं दिसायच्या आत.