होळीतून परत आणलेला रिमोट

मी एक जुना रिमोट आहे, मित्रांनो. टीव्ही चालू-बंद करणारा तो ऐटबाज रिमोट नव्हे हं. मी व्हिडिओ गेमचा रिमोट. डावीकडे चार दिशांची फुली, उजवीकडे एक तांबडं बटण आणि मागे लांब काळी वायर. आज मी बोलतोय ते हौस म्हणून नाही. माझ्याकडे एक बातमी आहे आणि ती मला कोणालाच सांगता येत नाही. ती पोचायला उशीर झाला, तर एका माणसाचा हात कायमचा जाईल. म्हणून जरा घाईनं सांगतो. चुकलंमाकलं पोटात घाला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तीही पुढे घामानं गेली. मला आठवतं ते मुंबईतलं एक रस्त्यावरचं दुकान आणि तिथून गणपतीला गावी निघालेल्या एका काकाची पिशवी. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या वाटेला लागलं की वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या सहदेवच्या घरी मी उतरलो. सहदेवचा मुलगा सुनील तेव्हा आठवीत होता. मला हातात घेताना त्यानं आधी हात सदऱ्याला पुसले होते, हे मी अजून विसरलेलो नाही.

माझी वायर ज्या खोक्याला जोडलेली असते, त्यात एकच खेळ भरलेला होता. हिरव्या सदऱ्यातला एक बुटका माणूस धावत सुटायचा, वाटेत खड्डे यायचे आणि तांबडं बटण दाबलं की तो उडी मारायचा. सुनीलनं त्याचं नाव गण्या ठेवलं. वाडीतली पोरं दारात दाटीवाटीनं बसायची आणि गण्या खड्ड्यात पडला की घरातलं माणूस गेल्यासारखी हळहळायची. सुनीलचा अंगठा मात्र क्वचितच चुकायचा. त्या अंगठ्याचं वजन, त्याचा ओलावा, दाबण्याआधीची त्याची किंचित थरथर मला पाठ होती. ते माझे सुखाचे दिवस होते.

सहदेवला माझा भारी राग. तो साधा माणूस, नाचणी-वरी पिकवणारा, दोन म्हशी राखणारा. "ह्या खेळानं तुला पोटाला काय मिळनार हाय रे?" असं तो रोज विचारायचा. सुनील गण्याला पुढच्या खड्ड्यावरून उडवायचा. पुढे सुनील दहावीला नापास झाला. गणितात नापास होणारी वाडीतली इतर पोरंही होतीच, पण त्यांच्या घरी मी नव्हतो. आमच्या घरी खापर फोडायला मी आयता सापडलो. सहदेव मला आपटणारच होता. सुनीलच्या आईनं, रंगूबाईनं, मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, खोक्यासकट एका लाकडी पेटीत घातलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. "पोराची वस्तू हाय," एवढंच ती म्हणाली.

सुनील मुंबईला गेला, छापखान्यात लागला. वैशालीशी त्याचं लग्न झालं, ऋतिका झाली. रंगूबाई देवाघरी गेली. माळ्यावरच्या अंधारात मी हे सगळं कानानंच ऐकलं. पेटी कुणी उघडली नाही. गेल्या थंडीत मात्र एकदा खाली रडारड ऐकू आली. सुनीलला मुंबईत लकवा मारला होता. जीव वाचला, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात लोंबत राहिला. काम सुटलं आणि बिऱ्हाड वाडीवर परत आलं.

दुःख फार झालं की माणसाला कुणावर तरी ते घालावं लागतं. सहदेवनं ते पुन्हा माझ्यावर घातलं. "पोरगा शिकला असता तर त्या यंत्रांत रात्रंदिवस राबला नसता," तो म्हणायचा. मित्रांनो, मला याचा राग येत नाही. पण ऐकताना वाईट वाटायचं.

मग शिमगा आला. आमच्या वाडीची एक रीत आहे. होळीसाठी पोरं घरोघरची लाकडं पळवतात आणि एकदा का वस्तू होळीच्या ढिगावर चढली, की ती देवीची झाली. मालकानं ती मागायची नसते. परत नेलेल्या वस्तूबरोबर घरात अवकळा येते, असं सगळे मानतात. होळी पेटवण्याचा मान सहदेवच्या घराण्याचा, म्हणून ही रीत राखणंही त्याच्याच माथी. मागे एकदा पोरांनी चंद्राबाईचा लाकडी पाळणा पळवला होता. तिचं एकुलतं एक लेकरू त्या पाळण्यात दोनच महिने झोपलं आणि देवाघरी गेलं होतं. ती सहदेवच्या पाया पडली. सहदेव म्हणाला, "होळीवर चढला तो देवीचा झाला. आता नाय मिलायचा." पाळणा तिच्या डोळ्यांदेखत जळाला.

यंदा पोरं लाकडं मागत आमच्या दारात आली तेव्हा सहदेव घरी एकटाच होता. वैशाली सुनीलला घेऊन महाडला गेली होती, हाताच्या व्यायामाच्या डॉक्टर नीलाताईंकडे. सहदेव माळ्यावर चढला, माझी पेटी खाली काढली आणि पोरांच्या हवाली केली. "न्या. जालून टाका एकदाची पीडा," म्हणाला. मी ढिगावर चढलो. खालच्या गवताचा वास येत होता. आपण कुणाच्या काही कामाचे नव्हतो, हे मला त्या दिवशी पुरतं पटलं होतं.

दिवेलागणीला ढोल वाजले आणि सहदेवनं स्वतःच्या हातानं होळी पेटवली. तेवढ्यात वैशाली धावत होळीपाशी आली. एसटीतून उतरून घर गाठलं होतं, माळा रिकामा पाहिला होता आणि शेजारणीनं तिला सगळं सांगितलं होतं.

"आबा, ती पेटी! डॉक्टरनी इचारलं, लहानपणी उजव्या हाताने सगल्यात जास्त काय केलंत? तर हे बोलले, व्हिडिओ गेम. त्या बोलल्या, तोच द्या हातात. हाताला जुनी वाट आठवते कधी कधी. पण हेच चार महिने हातातले हायत, मग नाय."

सहदेव ज्वाळांकडे बघत उभा राहिला. मी ढिगाच्या कडेला होतो, पेटीची एक बाजू धुमसू लागली होती. "होळीवर चढलंय गो ते," तो म्हणाला. मग त्यानं कुणाकडे न बघता डोक्याचा फेटा काढून हाताला गुंडाळला आणि आगीत हात घातला.

ढोल थांबले. पेटी मातीवर पडली. चंद्राबाई पुढे आली. "सहदेवा, माझा पाळना मागितला तवा काय बोललास तू?" सहदेवनं मान खाली घातली. "चुकलं माझं," तो म्हणाला, "पर पोराचा हात हाय गो." तिनं पायानं माती लोटून पेटीचा धुमसता कोपरा विझवला. मग म्हणाली, "ने जा. कोनाचं तरी परत जाऊ दे." पण वाडीला ते खपलं नाही. होळीचा मान पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या घराला द्यायचं ठरलं.

ऋतिकानं मला पुसलं, पिवळी-पांढरी वायर टीव्हीला जोडली आणि नवल म्हणजे गण्या धावू लागला! पण आगीच्या धगीनं माझ्या उजव्या बाजूचं प्लास्टिक वाकलं होतं. तांबडं बटण आत अडकायचं. "आबा, जोरात दाबायला लागतंय, हलकं दाबलं की लागतच नाही," ऋतिका पहिल्याच दिवशी म्हणाली. तेवढं बोलून ती अभ्यासाला गेली आणि ते वाक्य घरात सगळे विसरले. मित्रांनो, ते वाक्य तुम्ही विसरू नका.

रोज दुपारी सहदेव सुनीलशेजारी बसायचा. सुनीलचा निर्जीव अंगठा माझ्या बटणावर ठेवायचा आणि त्यावर आपला नांगर धरून राठ झालेला अंगठा दाबायचा. गण्या उडी मारायचा. ज्या खेळाला जन्मभर शिव्या दिल्या, तो खेळ सहदेव आता देवपूजेसारखा करत होता. गण्याला कुठे खड्डा येतो ते त्याला पाठ झालं. "आला रे, आला! दाब! हालला काय रे?" तो विचारायचा.

"नाय, आबा. तुमीच दाबलंत," सुनील म्हणायचा.

असे दिवस गेले. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत आले. वैशालीनं मुंबईला घरकामाला जायचं ठरवलं, ऋतिकाला आजोळी ठेवायचं ठरलं. घर माझ्यासमोर उसवत होतं. मी मनातल्या मनात त्या अंगठ्याला हाका मारत होतो. अरे, मी तोच! तू हात पुसून घेतलेला!

आणि परवा दुपारी ते घडलं. गण्या धावत होता. सहदेवला ठसका लागला, म्हणून त्यानं आपला अंगठा उचलला आणि पाण्याचा तांब्या घेतला. पुढे खड्डा आला. माझ्या बटणावर आधी ती ओळखीची किंचित थरथर झाली. मग एक दाब आला. मुंगीएवढा असेल, पण तो सुनीलचा होता. बटण अर्ध्यापर्यंत खाली गेलं आणि वाकलेल्या प्लास्टिकात अडकलं.

गण्या खड्ड्यात पडला.

सगळे टीव्हीकडे बघत होते. अंगठ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"बघितलंत?" सुनील म्हणाला. "मी जिवाच्या आकांतानं दाबलं, आबा. मेलाय हात. ठेवा ते खेळनं आता." सहदेवनं माझी वायर गुंडाळली, मला रंगूबाईच्या लुगड्यात बांधलं आणि आता मी पुन्हा माळ्यावर आहे. खाली वैशाली पिशवी भरते आहे.

मित्रांनो, त्या खेळानं सुनीलला काय मिळालं, असं सहदेव विचारायचा. पोटाला काही मिळालं नाही, हे मी खोटं कशाला बोलू? गण्याच्या सगळ्या उड्या पडद्यावरच विरून गेल्या. पण मेलेला म्हणून टाकलेल्या हातात एक जुनी वाट शिल्लक आहे, आणि ती माझ्यापर्यंत येते. ती परवा आली होती! मीच अर्ध्यावर अडलो.

म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. तुमच्यापैकी कुणी आंबेनळीच्या वाटेनं गेलात, तर त्या वाडीवर थांबा. सहदेवला सांगा, हात मेलेला नाही, बटण मेलेलं आहे. महाडच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही माझी पाठ उघडून ते सरळ करून देईल. आणि मग सुनीलला पुन्हा खेळायला बसवाल, तेव्हा टीव्हीकडे बघू नका. अंगठ्याकडे बघा. लवकर जा. वैशालीची गाडी सकाळची आहे.